शहजादा मुरादचा शेवट: कोणती पूर्णा, कोणती कबर (पार्श्वभूमी)

अकबराचा दुसरा मुलगा मुराद मे १५९९ मध्ये दख्खनच्या मोहिमेवर वारला. तेव्हा त्याचं वय एकोणतीसच्या आसपास होतं. चांदबिबी, अहमदनगरचा वेढा आणि १५९६ च्या तहात मोगलांच्या पदरात पडलेला वऱ्हाड हे सगळं वाचकांना ठाऊकच आहे. इथे त्यानंतरच्या तीन वर्षांचं आणि मुख्यतः मुरादच्या मृत्यूच्या जागेचं पाहू, कारण त्या जागेबद्दल अजून घोळ घातला जातो.

तह झाला तरी मोगल छावणीतली भांडणं मिटली नाहीत. मुराद आणि मोहिमेतला दुसरा मोठा सेनापती खानखानान (अब्दुर्रहीम) यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, आणि १५९७ च्या गोदाकाठच्या लढाईत विजय मिळूनही पाठलाग झाला नाही. मुरादने बाळापूरच्या दक्षिणेला काही कोसांवर शहापूर वसवलं आणि तिथे मुक्काम ठोकला. १५९७ मध्येच त्याचा लहानगा मुलगा रुस्तुम गेला. पिणं आधीपासून होतं, त्यानंतर ते आवरेना. झटके येऊ लागले. जुन्या फारसी मजकुरात याला मिरगी म्हटलं आहे. ‘दारूने आलेला कंपवात-भ्रम’ (डेलिरियम ट्रेमेन्स) हे निदान एकोणिसाव्या शतकातल्या भाषांतरकारांचं. ते अशक्य नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पहिल्या एक-दोन दिवसांत झटके येतात आणि भ्रम साधारण तिसऱ्या दिवसापासून दिसतो. पण मुरादचं पिणं शेवटपर्यंत चालूच होतं, असंच बखरकार सांगतात. त्यामुळे एकाच आजाराचं नाव घट्ट चिकटवण्याची घाई नको.

दरबारातून अबुल फजल, म्हणजे ‘अकबरनामा’ लिहिणारा अकबराचा इतिहासकार, त्याला परत न्यायला निघाला होता. ते कळल्यावर मुरादने एलिचपूर (आजचं अचलपूर) सोडलं, नरनाळा आणि शहापूर करत अहमदनगरच्या दिशेने कूच केलं. बापासमोर जायची टाळाटाळ हेच त्यामागचं कारण, असं अबुल फजल सुचवतो. हे लिहिणारा माणूस त्यानंतर त्याच फौजेचा कारभार हाती घेणारा होता, एवढं वाचताना ध्यानात ठेवावं.

आता जागेचा प्रश्न. अकबरनाम्यात मृत्यूचं ठिकाण पूर्णेच्या काठी, दौलताबादपासून वीस कोसांवर सांगितलं आहे. वऱ्हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अकोला-अमरावतीच्या काळ्या मातीतून वाहणारी, तापीला मिळणारी पूर्णा येते. मुराद वऱ्हाडचा, शहापूर वऱ्हाडात, म्हणून नदीही तीच, असं धरून अनेकांनी लिहिलं आहे. ते हिशेबात बसत नाही. अकबरी कोस पाच हजार इलाही गजांचा (अकबराने ठरवलेलं लांबीचं माप), म्हणजे चार किलोमीटरच्या थोडा वर. वीस कोस म्हणजे ऐंशीच्या घरात किलोमीटर. उत्तरेची पूर्णा दौलताबादपासून सरळ रेषेतही याच्या जवळपास दुप्पट लांब पडते. उलट अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून गोदावरीला मिळणारी दक्षिणेची पूर्णा भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात दौलताबादपासून सत्तर ते नव्वद किलोमीटरवर आहे. मुरादचा मोठा भाऊ जहांगीर आपल्या आठवणींत त्याचा मृत्यू ‘वऱ्हाडातल्या जालनापूरच्या आसपास’ झाल्याचं लिहितो. जालनापूर म्हणजे आजचं जालना. दोन्ही नोंदी एकाच मुलखाकडे बोट दाखवतात, आणि मग दक्षिणेच्या पूर्णेखेरीज पर्याय उरत नाही. ‘वऱ्हाडातल्या’ या शब्दानेही बिचकू नये. तेव्हाच्या वऱ्हाडात घाटाखालचा पायनघाट जसा होता, तसा वरचा बालाघाटही होता.

अबुल फजल पोचला तेव्हा छावणी फुटायच्या बेतात होती. शत्रू समोर, शहजादा गेलेला, आणि बहुतेक सरदारांचा आग्रह मागे फिरण्याचा. त्याने तो मानला नाही, कारण शत्रूच्या तोंडावर माघार घेतली असती तर फौज वाटेतच कापली गेली असती. निघून गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्याने परत आणलं आणि शव शहापूरला रवाना केलं. दौलताबाद निजामशाहीकडे होतं, तिथे नेणं शक्यच नव्हतं. शहापूर सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर, पण वाट बुलढाण्याच्या पठारावरून घाट उतरून जाणारी, आणि दिवस वैशाखातले. रीतीप्रमाणे बोरीची पानं आणि कापूर घातलेल्या पाण्याने गुस्ल (शवाची आंघोळ), पुरुषाला तीन वस्त्रांचं कफन, हे लगेच करायचं असतं. एवढ्या लांबच्या वाटेला शव पेटीत न्यावं लागतं.

शहापूरची कबर कायमची नव्हती. पुढे त्याला दिल्लीला नेऊन हुमायूनच्या मकबऱ्यात आजोबांजवळ पुरलं. एकदा पुरलेलं शव उकरणं शरियतच्या जाणकारांना सहसा पसंत नसतं. म्हणून पुरतानाच ‘अमानत’ म्हणून, नंतर हलवायच्या बोलीवर ठेवण्याची वाट काढली जाई. मोगल घराण्यात असं वारंवार घडलं. खुद्द बाबर आधी आग्र्याला होता, मग काबूलला गेला. मुरादनंतर जहांगीरचा मुलगा खुस्रो १६२२ मध्ये बुऱ्हाणपूरला वारला आणि आग्रामार्गे अलाहाबादला पोचला. मुमताज १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरलाच जैनाबादच्या बागेत सहा महिने होती. औरंगजेब मात्र अहमदनगरला वारून खुलदाबादलाच राहिला, तेही त्याच्याच इच्छेने.

मुरादच्या जागी धाकटा भाऊ दानियाल आला. १६०० मध्ये अहमदनगर पडलं, १६०१ मध्ये असीरगड, आणि १६०५ मध्ये दानियालही बुऱ्हाणपूरला दारूनेच गेला. हुमायूनच्या मकबऱ्यात शंभरावर कबरी आहेत आणि बहुतेकांवर नाव नाही. त्यामुळे तिथे एखाद्या विशिष्ट चबुतऱ्याकडे बोट दाखवून ‘हा मुराद’ म्हणणाऱ्यांचा आधार लेख नसून परंपरा आहे. शहापूरकडे तर कोणी फिरकतही नाही. बाळापूरचा किल्ला आणि छत्री पाहायला जाणाऱ्यांनी ते गाव निदान नकाशावर तरी शोधावं.