मुस्तफाची पिढी आणि ‘रेडी प्लेअर वन’वरचं भांडण

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत अधूनमधून क्लबहाउसच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून सिनेमा दाखवतात. परवा पोरांनी ‘रेडी प्लेअर वन’ हा कादंबरीवरून केलेला हॉलिवूडपट लावला. सिनेमा संपला, खुर्च्या एकात एक रचायला घेतल्या आणि वादाला तोंड फुटलं. पुस्तक वाचलेले दोघं एका बाजूला, “अरे, खरा मालच काढून टाकलाय!” बाकीच्यांचं म्हणणं, मजा आली ना, मग झालं. माझा सोळा वर्षांचा भाचा कुठल्याच बाजूला नव्हता. त्याने हळूच विचारलं, “मामा, तो अटारीचा गेमचा डबा खरंच असायचा, की पिक्चरसाठी बनवलाय?”

हा वाद सिनेमा आला त्या 2018 सालापासून चाललाय. आता शिळा झालाय, पण संपलेला नाही. पुस्तकातलं काय गाळलं आणि काय ठेवलं यावर तो चाललाय असं वाटतं. मला विचाराल तर भांडण वेगळंच आहे: पडद्यावर दाखवलेलं बालपण नक्की कोणाचं?

अर्नेस्ट क्लाइन या लेखकाची ही पहिली कादंबरी ऑगस्ट 2011 मध्ये आली. ती छापून येण्याआधीच वॉर्नर ब्रदर्सने सिनेमाचे हक्क घेऊन ठेवले होते. गोष्ट 2044 सालची. जगाचं वाटोळं झालंय, माणसं डोळ्यांवर चष्मा चढवून ‘ओएसिस’ नावाच्या आभासी जगात दिवस काढतात. ते जग उभारणारा हॅलिडे मरताना तीन किल्ल्या आणि एक अंडं लपवून जातो. ज्याला ते सापडेल त्याला सगळी संपत्ती. हॅलिडेचा जीव 1980 च्या दशकात अडकलेला, त्यामुळे कोडी सुटायची तर त्या काळातले गेम, सिनेमे, गाणी तोंडपाठ हवीत. म्हणजे 2044 सालची पोरं 1980 सालचं घोकत बसतात, आपण अडीचकी-औटकी घोकायचो तशी.

सिनेमा स्टीव्हन स्पिलबर्गने केला, ही यातली मोठी गंमत. ज्या दशकाचं कौतुक करायचं त्यातला निम्मा ऐवज त्याच्याच हातून किंवा त्याच्याच पैशाने झालेला. लग्नात नवरदेवालाच पंगतीत वाढायला उभं करावं, तसं हे. संकोचापोटी त्याने पुस्तकातले स्वतःच्या सिनेमांचे संदर्भ बरेच कमी केले. तरी ‘बॅक टू द फ्युचर’मधली डेलोरिअन गाडी राहिली, आणि ‘जुरासिक पार्क’मधला टी-रेक्सही रस्त्यात आडवा आलाच.

या गोष्टीचं मूळ मात्र एका खऱ्या प्रसंगात आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अटारी ही व्हिडिओ गेमची अमेरिकन कंपनी गेम बनवणाऱ्यांची नावं कुठेच छापत नसे. नाव बाहेर कळलं तर दुसरी कंपनी माणूस पळवेल, ही भीती. वॉरन रॉबिनेटने ‘अडव्हेंचर’ नावाचा गेम लिहिला. सगळा गेम 4 किलोबाइटचा. आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो त्या ‘सुप्रभात’च्या चित्रालाही तेवढी जागा पुरणार नाही. त्या गेममध्ये त्याने एका बंद खोलीत राखाडी रंगाचा एकच ठिपका ठेवला. भिंतीच्या रंगात मिसळणारा, नजरेला न दिसणारा. तो ठिपका हुडकून ठराविक जागी नेला की पलीकडच्या खोलीत जाता येतं आणि तिथे अक्षरं झळकतात: हा गेम वॉरन रॉबिनेटने बनवला. कंपनीत कोणाला पत्ता नव्हता. गेम 1980 च्या सुमारास बाजारात आला तोवर रॉबिनेट नोकरी सोडूनही गेला होता. पुढे सॉल्ट लेक सिटीतल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाचं कंपनीला पत्र आलं, की मला असं असं सापडलं. गेम पुन्हा बनवणं महाग पडत होतं, म्हणून कंपनीने ते तसंच राहू दिलं. ईस्टरला अंगणात लपवलेली अंडी मुलं शोधतात, त्यावरून अशा लपवलेल्या गोष्टींना ‘ईस्टर एग’ हे नाव तिथेच पडलं. कादंबरीतलं आणि सिनेमातलं शेवटचं कोडं हाच ठिपका आहे. सिनेमा अमेरिकेत लागला 29 मार्च 2018 ला, आणि त्या वर्षीचा ईस्टर होता 1 एप्रिलला. हा मुहूर्त योगायोगाने काढला असेल असं मला तरी वाटत नाही.

इथे मराठी वाचकाला हमखास दुसरं एक लपवलेलं नाव आठवतं. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर! रॉबिनेटने नाव लपवलं ते सापडावं म्हणून, आणि नारळीकरांनी लपवलं ते नावाकडे न बघता कथा वाचली जावी म्हणून.

अटारीची आणखी एक कहाणी या सिनेमाला येऊन मिळते. स्पिलबर्गचा ‘ई.टी.’ 1982 चा. त्यावरून अटारीने नाताळच्या बाजारासाठी जेमतेम पाच आठवड्यांत गेम उरकला. तो इतका पडला की न खपलेल्या कॅसेटी, इतर मालासकट, 1983 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरल्या. तीस वर्षं लोक ही दंतकथाच समजत होते. एप्रिल 2014 मध्ये ती जमीन उकरली, तेव्हा खरंच कॅसेटी निघाल्या. उकरण्यावर माहितीपट करणारा दिग्दर्शक होता झॅक पेन, पुढे ‘रेडी प्लेअर वन’ची पटकथा क्लाइनबरोबर लिहिणारा तोच. आणि कचऱ्याच्या त्या ढिगाशी आपली डेलोरिअन घेऊन हजर राहिलेला दुसरा गडी म्हणजे स्वतः क्लाइन. स्पिलबर्गच्या सिनेमाचा कचरा झालेला गेम उकरणारी ही दोघं, चार वर्षांनी त्याच्याच सिनेमाच्या श्रेयनामावलीत.

आता गाळलेल्या गोष्टी. पुस्तकात पहिली किल्ली मिळते ती ‘जाउस्ट’ हा जुना गेम एका भुताविरुद्ध खेळून, सिनेमात त्या जागी गाड्यांची शर्यत. पुस्तकात नायकाचा साथीदार डायटो याचा खून होतो, सिनेमात तो शेवटपर्यंत हिंडतो-फिरतो. पुस्तकातला जपानी महानायक अल्ट्रामॅन गेला, गुंडाम हा जपानी यंत्रमानव आला. पण सगळ्यात मजेचा बदल मधल्या टप्प्यात आहे. पुस्तकात तिथे ‘ब्लेड रनर’ हा सिनेमा आहे. तो वापरता आला नाही, कारण त्याचाच पुढचा भाग तेव्हा तयार होत होता. मग आला स्टॅन्ली कुब्रिकचा 1980 सालचा ‘द शायनिंग’. कोड्यातली ओळ अशी, की आपल्याच निर्मितीचा राग करणारा निर्माता. उत्तर स्टीफन किंग! आपल्या कादंबरीवरचा कुब्रिकचा सिनेमा किंगला कधीच पटला नाही. एवढा, की 1997 मध्ये त्याने स्वतः पटकथा लिहून तीच गोष्ट टीव्हीवर पुन्हा करून घेतली. म्हणजे पुस्तक बदलणारा हा सिनेमा, पुस्तक बदललेल्या दुसऱ्या सिनेमाच्या पोटात शिरतो, आणि त्या बदलावरून झालेल्या भांडणाचंच कोडं घालतो. पुस्तकवाल्यांनी यावर तक्रार करावी तरी कशी? क्लबहाउसमधल्या आमच्या दोघांनीही या प्रसंगाला हात लावला नाही.

चाहत्यांचा कडवटपणा मात्र निव्वळ गाळणीमुळे आलेला नव्हता. 2011 ला पुस्तकाचे लाड झाले होते. मध्ये 2014 साली ‘गेमरगेट’ झालं. गेमच्या दुनियेतल्या बायकांना ठरवून छळलं गेलं, आणि ‘खरा चाहता कोण’ असं विचारत दारात उभा राहणारा पोरगा लोकांना खुपू लागला. ज्या पुस्तकात पाठांतराच्या जोरावर नायक जग जिंकतो आणि नायिकाही मिळवतो, ते मग अनेकांना पहिल्यासारखं निरागस वाटेना. पुस्तकात शब्दही बदलला नव्हता. आयर्न जायंटवरून तर तिकडच्या चाहत्यांचा जीव तुटला. 1999 च्या मूळ कार्टूनपटात तो अवाढव्य लोखंडी राक्षस म्हणतो, मी बंदूक नाही. इथे त्यालाच लढाईत जुंपला. तक्रार रास्त आहे, माझ्या मते सगळ्या तक्रारींमध्ये हीच एक खरी रास्त.

तरी सिनेमाने जगभरात सुमारे 58 कोटी डॉलर कमावले, आणि त्यात अमेरिकेपेक्षा चीनचा वाटा मोठा होता. त्या चीनमध्ये 2000 सालापासून तेरा-चौदा वर्षं व्हिडिओ गेमचे कन्सोल विकायलाच बंदी होती! ज्यांचं ते बालपण होतं ते कुरकुरले, ज्यांच्या वाट्याला ते आलंच नाही त्यांनी तिकिटं काढली.

आपण यात कुठे बसतो? ठाण्यात ऐंशीचं दशक नव्वदीत आलं, आणि तेही नकली. अटारी आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला. आमच्याकडे समुराई, मीडिया, लिटल मास्टर. जपानी निन्टेन्डोच्या वळणाचे डबे. कॅसेटवर ‘9999 इन 1’ लिहिलेलं, आत गेम वीस-पंचवीस, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेट चालली नाही की काढायची, खालच्या फटीत फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. फुंकर कोणाची लागते यावरही गल्लीत मानपान होते.

आणि पार्लर. नौपाड्यातल्या एका बोळात दोन मशीनचं पार्लर होतं. आई दळण घेऊन गिरणीत पाठवायची. डबा नंबराला लावायचा, गिरणीवाल्याला “आलोच” सांगायचं, आणि रुपयाचं नाणं मुठीत धरून पळायचं. काचेवर आपलं नाणं ठेवलं की पुढचा नंबर आपला. गेमला सगळे त्यातल्या मुस्तफा या खेळाडूवरून ‘मुस्तफा’च म्हणायचे. पिवळी टोपी, उडी मारून लाथ, सगळ्यात चपळ. बाकी तिघं खेळाडू घ्यायला कोणी तयार नसायचं, शेवटी उरलेल्याने ‘जाड्या’ घ्यायचा. पडद्यावर पहिल्याच चित्रात मोठ्या अक्षरांत ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ लिहून यायचं, पण ते कोण वाचतंय! फार वर्षांनी कळलं, कॅपकॉम कंपनीचा 1993 चा तो गेम मार्क शुल्ट्झच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवरून केलेला, आणि सव्विसाव्या शतकात घडणारा. म्हणजे आम्ही पुस्तकावरून घेतलेली, जुन्या गाड्यांच्या आठवणींनी भरलेली विज्ञानकथाच खेळत होतो, पिठाचे हात पुसून.

म्हणून 2018 ला हायवेवरच्या मॉलमध्ये पहिल्या शनिवार-रविवारी हा सिनेमा पाहताना टाळ्यांचा हिशेब निराळाच होता. ‘जाउस्ट’ नाही म्हणून कोणी हळहळलं नाही, तो कोणी खेळलेलाच नव्हता. किंग काँगला शिट्ट्या, गुंडामला मागच्या रांगेतल्या विशीच्या पोरांचा आरडाओरडा. चाळिशीचे आम्ही मात्र प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात मुस्तफा दिसतो का ते पाहत बसलो. शेवटी नायक ठरवतो की ओएसिस दर मंगळवारी आणि गुरुवारी बंद ठेवायचं. यावर तिकडे चाहते चिडले. आमच्या रांगेतून आवाज आला, “पाण्यासारखं!” पाणीकपात भोगलेल्या ठाणेकराला शटडाउनचं नवल ते काय.

पुस्तकाशी इमान राखण्याचं भांडण आपल्यालाही नवं नव्हतं. त्याच्या पाचच महिने आधी, ऑक्टोबर 2017 मध्ये, ‘फास्टर फेणे’ आला होता. भा. रा. भागवतांचा बन्या म्हणजे विद्याभवनातला शाळकरी पोरगा, फुरसुंगीचा. सिनेमात तो मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला तरुण झाला. आमच्या घरात माझी मोठी बहीण दोन दिवस धुमसत होती. “सायकलवरचा बन्या मोठा कसा होईल?” भागवतांची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली होती. लेखक स्वतःच गोष्टीत शिरलेला पाहून ती जरा निवळली, आणि पडद्यावर ‘ट्टॉक्’ ऐकू आल्यावर हसली. ‘रेडी प्लेअर वन’ला तीच बहीण आमच्याबरोबर होती. तिथे काय बदललंय याचं तिला सोयरसुतक नव्हतं. आइस्क्रीम संपवून म्हणाली, “छान होतं की.” बन्या तिचा होता, या सिनेमाचा नायक पार्झिवल नव्हता.

क्लबहाउसमधल्या त्या रात्री भाच्याला अटारी दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून घरी येऊन माळ्यावरून जुना डबा काढला. खोक्यावर मुंग्यांची माती, आत पॅड, बदकं मारायची बंदूक आणि एकच कॅसेट. भाच्याने ती हातात घेतली आणि मी काही सांगायच्या आधीच फटीत फुंकर मारली. कुठून शिकला, म्हणून विचारलं तर म्हणाला, व्हिडिओत पाहिलंय. मग टीव्हीमागे वाकून दोघांनी बराच वेळ शोधलं. पिवळी-पांढरी वायर खोचायला नव्या टीव्हीला भोकंच नव्हती.