आरागोनेस, लुइस

(२८ जुलै १९३८–१ फेब्रुवारी २०१४). स्पॅनिश फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म ओर्तालेसा येथे. हे गाव पुढे माद्रिद शहरात सामावले गेले. ‘ओर्तालेसाचा ज्ञानी’ हे त्यांचे टोपणनाव त्यावरून पडले.

रेआल माद्रिदने करारबद्ध करूनही मुख्य संघात त्यांना संधी दिली नाही. ओव्हिएदो व बेतिस या क्लबांकडून खेळून १९६४ मध्ये ते आत्लेतिको माद्रिदकडे आले आणि दहा वर्षे तेथेच राहिले. या काळात क्लबने तीनदा लीग जिंकली (१९६६, १९७०, १९७३). आत्लेतिकोसाठी त्यांनी केलेले गोल काही नोंदींत १७२, तर काहींत १७३ आहेत. आंत्वान ग्रीझमनने जानेवारी २०२४ मध्ये त्यांचा विक्रम मोडला, तेव्हा १७३ हाच आकडा धरला गेला.

१५ मे १९७४ रोजी ब्रुसेल्स येथे युरोपियन चषक या क्लबस्पर्धेचा अंतिम सामना बायर्न म्यूनिकविरुद्ध झाला. जादा वेळेत, ११४ व्या मिनिटाला, आरागोनेस यांची फ्री किक बचावपटूंच्या भिंतीवरून वळून जाळ्यात गेली. गोलरक्षक झेप माइअर जागचा हललाही नाही. शेवटच्या क्षणी बायर्नच्या श्वार्त्सेनबेकने लांबून फटका मारून बरोबरी साधली आणि दोन दिवसांनी झालेला फेरसामना बायर्नने ४–० असा जिंकला.

त्याच वर्षी क्लबचे अध्यक्ष व्हिसेंते काल्देरोन यांनी त्यांच्याकडे प्रशिक्षकपद सोपवले. कालपर्यंत ‘अरे-तुरे’ करणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांनी पहिल्याच दिवशी ‘अहो-जाहो’ करायला सांगितले, असे म्हणतात. आंतरखंडीय चषक आणि १९७७ ची लीग हे त्यांचे प्रशिक्षक म्हणून सुरुवातीचे मोठे यश. पुढे बार्सेलोना, सेव्हिया, व्हालेन्सिया, माजोर्का इ. क्लब त्यांनी सांभाळले.

२००४ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी सरावादरम्यान फ्रेंच खेळाडू त्येरी आँरीविषयी त्यांनी काढलेले वर्णद्वेषी उद्‌गार निषेधार्ह ठरले व त्यांना दंड झाला. कोणत्याही चरित्रनोंदीत हा प्रसंग वगळता येणार नाही.

संघाच्या आखूड पासांच्या शैलीला ‘तिकी-ताका’ म्हणतात. तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. हा शब्द समालोचक आंद्रेस माँतेस यांनी २००६ च्या विश्वचषकात रूढ केला, हे सामान्यतः मान्य आहे; काहीजण मात्र त्याचे श्रेय प्रशिक्षक हाव्हियेर क्लेमेंते यांना देतात. शैलीचे मूळ बहुतेक अभ्यासक डच प्रशिक्षक योहान क्रॉइफ यांच्या बार्सेलोनात शोधतात. तथापि क्लबची शैली आपोआप राष्ट्रीय संघात उतरत नाही. स्पेनचा संघ त्याआधी जिगर आणि अंगबळ यांसाठी ओळखला जाई. शाव्ही, इनिएस्ता, सिल्व्हा, फाब्रेगास असे चणीने लहान मध्यरक्षक एकत्र खेळवायचे, त्यांच्या मागे मार्कोस सेन्नाला ठेवायचे आणि राऊलसारख्या लाडक्या कर्णधाराला वगळल्याबद्दल प्रखर टीका सोसायची, हा निर्णय आरागोनेस यांचाच होता. म्हणून राष्ट्रीय संघापुरते श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. ऑक्टोबर २००७ मध्ये ऑर्हूस येथे डेन्मार्कवर मिळवलेला ३–१ असा विजय अनेकदा या बदलाची खूण मानला जातो.

२९ जून २००८ रोजी व्हिएन्नात तोरेसच्या गोलावर स्पेनने जर्मनीला १–० असे हरवून युरोपीय अजिंक्यपद मिळवले. १९६४ नंतरचे हे स्पेनचे पहिलेच मोठे विजेतेपद. आरागोनेस त्यानंतर तुर्कस्तानातील फेनेरबाह्चे क्लबकडे एक हंगाम होते. माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.