पेट्रोल युटीव्ही: कोकणातला सुरक्षित वापर आणि देखभाल

युटीव्ही म्हणजे रस्त्यासाठी नाही, तर रान, बाग, चिखल, वाळू, कातळ असल्या जागी माणसं आणि सामान न्यायला बनवलेली छोटी गाडी. पुढे शेजारी शेजारी दोन किंवा तीन सीट, गोल स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, डोक्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि मागे उघडा हौदा. माणसं शेजारी शेजारी बसतात म्हणून हिला साइड-बाय-साइड पण म्हणतात. काशीद, नागाव अशा किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवतात ती एटीव्ही वेगळी, तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि हँडल धरायचं. हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण एटीव्हीवर आपण अंग इकडेतिकडे झुकवून तोल सांभाळतो आणि युटीव्हीत नेमकं उलटं, अंग पूर्ण पिंजऱ्याच्या आत, पट्टा लावून बसायचं असतं.

कावासाकीने १९८८ साली 'म्यूल' बाजारात आणली, तेव्हापासून शेतकामाची गाडी म्हणून हा प्रकार जगभर रुळत गेला. कोकणात तिचं खरं काम बागेत आहे. देवगड, राजापूर, रत्नागिरीकडच्या हापूसच्या बागा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, किंवा उतारावर असतात, पिकअप खालच्या रस्त्यापर्यंतच येते, तिथून वर फवारणीचं पाणी, खत, चिरे (बांधकामाचे जांभा दगड) न्यायचे आणि सीझनला आंब्याचे क्रेट खाली आणायचे. रस्त्यावर मात्र ती काढता येत नाही. ट्रॅक्टर म्हणून पासिंग झालेली मोजकी मॉडेल सोडली तर या गाड्यांना आरटीओचं पासिंग नसतं, म्हणजे बाजाराला जायला किंवा मुलांना शाळेत सोडायला ती वापरणं बेकायदेशीर आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा आधार पण राहत नाही.

उलटणं

लोकांना वाटतं धोका स्पीडचा आहे. माझ्या मते या गाडीबद्दलचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. अमेरिकेत यामाहाच्या 'राइनो' गाडीचे अपघात तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने तपासले तेव्हा दोन तृतीयांशहून जास्त केसेस उलटण्याच्या निघाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच कमी वेगात, सपाट जागेवर, वळताना झालेल्या. पट्टा न लावलेली माणसं त्यात भरपूर होती. मार्च २००९ मध्ये कंपनीने राइनो ४५० आणि ६६० ची विक्री थांबवली आणि आधी विकलेल्या गाड्यांना मागच्या चाकांना स्पेसर (चाकं थोडी बाहेर सरकवणारी चकती) लावून, मागचा अँटी-स्वे बार (दोन्ही चाकांच्या सस्पेन्शनला जोडणारी दांडी) काढून फुकट दुरुस्ती करून दिली. म्हणजे सपाटावर हळू वळताना पण ही गाडी उलटू शकते, मग आपल्या घाटीत, म्हणजे उभ्या चढाच्या वाटेवर, काय होईल याचा विचार करा.

कारण साधं आहे. खाली दगड लागू नये म्हणून गाडी उंच ठेवलेली असते आणि बागेतल्या वाटेवर मावावी म्हणून अरुंद, त्यामुळे वजनाचा मध्य वर जातो आणि टेकायला रुंदी कमी मिळते. त्यात हौद्यात क्रेटची थप्पी लावली की तो मध्य अजून वर. गाडी कलंडायला लागली की माणूस न कळत हात किंवा पाय बाहेर टाकतो, गाडीला टेकू द्यायला, आणि अख्खी गाडी पिंजऱ्यासकट त्याच हातावर येते. पाच-सातशे किलोची गाडी कुणाच्या हाताने थांबत नाही. म्हणून कलंडते असं वाटलं की स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय फ्लोअरला दाबायचे, शेजारच्याने समोरची दांडी धरायची, आणि बाहेर उडी तर अजिबात मारायची नाही. पिंजरा आपलं काम करतो पण आपण त्याच्या आत असलो तरच, आणि आत ठेवायचं काम पट्ट्याचं आहे. पट्टा, हेल्मेट, बाजूची जाळी किंवा दार, हे सगळं बागेतल्या बागेत पण लावायचं, कारण काजूच्या खाली आलेल्या फांद्या डोळ्याच्याच उंचीला असतात. ओढणी किंवा साडीचा पदर आत खोचून बसायचं, उघड्या चाकात गुंतायला क्षण लागत नाही.

हौद्यात माणसं बसवायची नाहीत. हे लिहायला सोपं आणि पाळायला कठीण आहे हे मान्य, काम संपल्यावर सगळ्या गड्यांना चालत खाली पाठवायचं आणि गाडी रिकामी न्यायची हे कुणालाच बरं वाटत नाही. पण हौद्याला पट्टा नाही, पिंजरा नाही, गचका बसला की माणूस थेट चाकामागे पडतो. क्रेटवर बसलेला माणूस तर अजून उंच. दोन खेपा झाल्या तरी चालतील, सीट आहेत तेवढीच माणसं. मुलांचं पण तसंच, चालवणारा बऱ्याच कंपन्यांच्या नियमाप्रमाणे किमान १६ वर्षांचा आणि लायसन्सवाला हवा, आणि शेजारी बसणाऱ्या पोराचे पाय फ्लोअरला टेकायला हवेत, मांडीवर घेऊन नाही.

चढ, उतार, वजन

बऱ्याच मॅन्युअलमध्ये १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर जाऊ नका असं लिहिलेलं असतं. म्हणजे १०० सेंटीमीटर आडवं गेलं की साधारण २७ सेंटीमीटर चढ. डोळ्याला हा फार वाटत नाही, आपल्या कित्येक बागांच्या वाटा याहून उभ्या असतात, म्हणून मोबाइलच्या लेव्हल अॅपने एकदा मोजून घ्या आणि ज्या वाटा बसत नाहीत त्या सोडून द्या. चढताना सरळ वर, उतरताना सरळ खाली, उतारावर आडवं जायचं नाही आणि मध्येच वळायचं तर नाहीच. चढावर गाडी थांबली तर वळवायच्या भानगडीत न पडता ब्रेक दाबून धरायचा, रिव्हर्स टाकायचा आणि सरळ मागे हळूहळू यायचं. उतरताना लो गिअर, न्यूट्रल कधीच नाही. उभी करताना हँडब्रेक ओढा आणि चाकाखाली चिरा लावाच.

वजनाचा हिशोब करताना बसलेली माणसं पण धरायची. हौद्याची क्षमता मॉडेलप्रमाणे साधारण २०० ते ४५० किलो असते आणि ती सपाट जागेची असते, घाटीत त्याहून बरंच कमी भरायचं. फवारणीची टाकी हे यातलं सगळ्यात फसवं वजन. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो हे सगळ्यांना कळतं, पण अर्धी टाकी भरल्या टाकीपेक्षा त्रासदायक असते हे कळत नाही, डोक्यावरची अर्धी कळशी कशी हिंदकळते तसं वळणावर सगळं पाणी एका बाजूला धावतं आणि ते नेमकं बाहेरच्या बाजूला, जिकडे गाडी आधीच झुकलेली असते. आत पाणी हिंदकळू न देणारे आडवे पडदे असलेली टाकी घ्यावी, ती पुढे आणि खाली घट्ट बांधावी, आणि अर्धवट टाकी घेऊन उतार उतरायची वेळच येणार नाही असं फवारणीचं नियोजन करावं.

काही ओढायचं असेल तर फक्त हिचला (ओढण्यासाठी मागे दिलेल्या कडीला) आणि खालून. पिंजऱ्याला दोर बांधून ओढलं की गाडी मागे उलटते. अडकलेली गाडी काढताना दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये, केबलवर ओलं गोणपाट टाकावं, तुटलीच तर जोर कमी होतो.

पावसात आणि पुळणीवर

पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) पायऱ्यांवर टायर नुसते घसरतात, फोर-व्हील असली तरी. फोर-व्हीलने गाडी पुढे जायला मदत होते, थांबायला नाही. बांधाच्या आणि गडग्याच्या (दगड रचून केलेल्या कुंपणाच्या) कडेपासून लांब राहायचं, पाणी पिऊन कडा आतून ढिली झालेली असते आणि वजन आलं की बसते. वाहता पऱ्ह्या, म्हणजे ओढा, गाडीने ओलांडू नये. पाणी गढूळ असलं की खाली काय ते दिसत नाही, आणि वर डोंगरात पडलेला पाऊस थोड्या वेळाने आपल्याकडे येतो. साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर आधी काठीने खोली बघा, फ्लोअरच्या खाली असेल तरच, तेही हळू, आणि बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा दाबून सुकवून घ्या.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी घालायची परवानगी आहे का हे आधी ग्रामपंचायतीत आणि पोलिसांकडे विचारायचं. परवानगी असली तरी नोव्हेंबर ते मे या काळात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी आणि पिल्लं असतात, अंडी वाळूखाली असतात, वरून काही दिसत नाही, आणि चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्राकडे जाऊच शकत नाही. हे कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. सड्यावर पण तेच भान हवं, रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं उघड्या जांभ्यावर आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत, टायर घासून ती झिजली तर परत कोरता येणार नाहीत.

ओल्या वाळूत गाडी रुतली आणि भरती आली की गाडी गेली. जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बरंच वर येतं. हे बघूनच खाली उतरावं.

पेट्रोल

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या आसपास सुद्धा पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, मांगरात (बागेतल्या खोपटात) पेटलेल्या चुलीपर्यंत सुद्धा. इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, उघड्यावर भरायचं. कॅन हौद्यात ठेवून भरू नका, प्लास्टिकच्या अस्तरावर स्थिर वीज साठते, कॅन खाली जमिनीवर ठेवूनच भरा. पंप लांब म्हणून लोक साठा करतात, तर १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल लायसन्सशिवाय ठेवता येतं, पण घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, आणि एक कॅन २५ लिटरपेक्षा मोठा नको. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीच नाही, तहानलेलं पोर ती तोंडाला लावतं. पावसात दार लावून मांगरात इंजिन चालू ठेवणं पण जिवावरचं आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जानेवारीनंतर सड्यावरचं गवत वाळतं आणि वणव्याने दरवर्षी कलमं जळतात. तापलेला सायलेन्सर वाळक्या गवतावर आणून गाडी उभी करू नका, सायलेन्सरभोवती अडकलेला पाचोळा रोज काढा, स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणग्या बाहेर पडू न देणारी जाळी) मॅन्युअलप्रमाणे साफ करा आणि सीटमागे छोटा अग्निशामक ठेवा.

देखभाल

इथे तीन गोष्टी गाडी खातात, तांबडी धूळ, चिखल आणि मीठ. एप्रिल-मेमध्ये एअर फिल्टर रोज उघडून बघण्यासारखा असतो, तो फाटका किंवा नीट न बसलेला असला की धूळ थेट सिलिंडरात जाते आणि इंजिन तेल खायला लागतं. चिखल रेडिएटरच्या जाळीत वाळून बसला की गाडी तापते, तो आतून बाहेर हलक्या पाण्याने धुवायचा, प्रेशर वॉशरने नाही, पत्रे दुमडतात. बेअरिंगवर पण प्रेशर मारू नका, ग्रीस बाहेर आणि पाणी आत जातं. खाऱ्या हवेत उभ्या गाडीचे वायरचे जोड हिरवे पडतात, किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवून घ्या.

यातल्या बहुतेक गाड्यांना साखळी-गिअरऐवजी बेल्टचा सीव्हीटी, म्हणजे वेग आपोआप बदलणारी बेल्ट-पुलीची रचना, असतो. वजन घेऊन हाय गिअरमध्ये घाटी चढवली की बेल्ट जळतो, रबराचा वास आला की समजायचं. अॅक्सलचे रबरी बूट (सांध्यावरची रबरी टोपणं) रोज बघा, एक चीर पडली तरी वाळू आत जाऊन जॉइंट कुटतो आणि पन्नास रुपयांच्या हलगर्जीचं बिल हजारात येतं. तेल तासांवर बदलायचं, किलोमीटरवर नाही, कारण बागेत गाडी किलोमीटर कमी आणि तास जास्त चालते. पहिलं लवकर, साधारण २० ते २५ तासांनी, नंतर मॅन्युअल सांगेल तसं. टायरची हवा स्टिकरवर लिहिली असेल तेवढीच, आणि चारही चाकांना सारखी वाटते तशी बोटाने दाबून नाही, कमी प्रेशरच्या गेजने. निघण्याआधी ब्रेक, स्टिअरिंग, चाकांचे नट, गळती, दिवे हे रोज बघायचं, फार वेळ जात नाही.

पावसाळ्यात चार महिने गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचं काय करायचं हा खरा प्रश्न. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, बऱ्याच युटीव्हींच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली असते, आपल्या गाडीचं आधी बघा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कोकणातल्या दमट हवेत ते पाणी टाकीच्या तळाला वेगळं होऊन बसतं. म्हणून जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करून ठेवणं मला जास्त बरं वाटतं, इंजेक्शनची असेल तर टाकी काठोकाठ भरून स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं औषध) घालून थोडा वेळ इंजिन चालवावं. बॅटरी काढून घरात ठेवा, गाडी फळ्यांवर उभी करा, ताडपत्रीने गच्च गुंडाळू नका, आत ओल कोंडते.

खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढाल तेव्हा स्टार्टर मारायच्या आधी एअर फिल्टरचा डबा आणि सीटखालचं वायरिंग उघडून बघा, उंदरांनी घर केलेलं असतं किंवा वायर कुरतडलेली असते. ब्रेकच्या डिस्कवर गंज चढलेला असतो आणि पॅड चिकटलेले असू शकतात, तेव्हा पहिली फेरी रिकाम्या हौद्याने खळ्यात (अंगणात) किंवा सपाट जागेवर, लो गिअरमध्ये, चार-पाचदा थांबत थांबत, आणि ब्रेक दोन्ही बाजूंनी सारखे लागतायत असं दिसल्यावरच गाडी घाटीला लावा.