घरी नेट घ्यायचंय? केबलचं घेऊ की फोनच्या वायरचं, एकदा हे वाचा मग ठरवा

नमस्कार मंडळी. आमचं साताऱ्यात राउटर, वायरिंग आणि सीसीटीव्हीचं छोटं दुकान आहे, इंटरनेट आम्ही स्वतः बनवत नाही, वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं जोडून देतो. म्हणजे तुम्ही कुठलंही घेतलंत तरी आमचं वायर ओढायचं काम तेवढंच, त्यामुळे खरं सांगायला आम्हाला काही अडचण नाही.

"भाऊ, केबलचं चांगलं की टेलिफोनचं?" असं कुणी विचारलं की आम्ही आधी विचारतो, घर कुठंय? लोकांना वाटतं हा टाळतोय. पण खरंच उत्तर त्यातच आहे. पॅकेटवर लिहिलेला स्पीड सगळीकडे सारखाच असतो, पण तुमच्या दारापर्यंत येणारी शेवटची वायर कसली, किती लांबीची, तिच्यावर अजून किती घरं आहेत आणि लाइट गेली की मधली डबी चालू राहते का, यावर सगळा खेळ आहे. पेठेतल्या जुन्या वाड्यात जे मस्त चालतं ते शाहूनगरच्या टोकाला रडतं, आणि उलटंही होतं.

फोनच्या वायरचं नेट (डीएसएल)

ही तीच लँडलाइनची तांब्याची दोन तारांची जोडी. माणसाच्या आवाजाला फोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच जागा लागते, त्याच्या वरची सगळी जागा वायरीत रिकामी पडलेली असते आणि डीएसएल मोडेम तिथं काम करतो, सध्याचा एडीएसएल-टू-प्लस प्रकार तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. म्हणून फोनवर बोलता बोलता नेट चालतं. आठवतंय ना, डायल-अपच्या काळात नेट लावलं की फोन अडकून पडायचा आणि सगळं मिळून स्पीड जास्तीत जास्त ५६ केबीपीएस! २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं डेटावन आलं तेव्हा २५६ केबीपीएस म्हणजे लोकांना विमानात बसल्यासारखं वाटलं होतं, आणि सरकारच्या २००४ च्या धोरणात तेवढ्यालाच ब्रॉडबँड म्हटलं होतं. आता २०२३ पासून तीच किमान मर्यादा २ एमबीपीएस झालीय.

मोडेमसोबत जी छोटी डबी मिळते, स्प्लिटर म्हणतात तिला, ती फेकून देऊ नका. आवाज एकीकडे आणि नेट एकीकडे वेगळं करायचं काम ती करते. आतल्या खोलीत जास्तीचा फोन थेट वायरीवर जोडलेला असेल तर फोनला खरखर आणि नेट तुटतंय अशी तक्रार हमखास येते, आणि बऱ्याचदा तेवढं एक कारण निघतं.

आता महत्त्वाचं, अंतर. एडीएसएल-टू-प्लसला कागदावर २४ एमबीपीएस मिळतात, पण ते टेलिफोन एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्याला. सिग्नल तांब्यातून जाताना वाटेत मरत जातो. साधारण दीड किलोमीटरपर्यंत जोर टिकतो, तीन किलोमीटरच्या पुढं बहुतेक घरी ८ च्या खालीच येतं, पाचपर्यंत पोचता पोचता एक-दोन उरले तरी नशीब म्हणायचं. आणि हे अंतर गुगल मॅपवरचं सरळ रेषेतलं नाही बरं का, वायर ज्या रस्त्याने गल्लीबोळातून, पिलर बॉक्समधून फिरून येते तेवढं. शेजारच्या दोन बिल्डिंगना वेगळा स्पीड मिळतो तो यामुळेच. व्हीडीएसएल-टू नावाचा पुढचा प्रकार १०० एमबीपीएसपर्यंत जातो पण तो काही शे मीटरच्या आतच, म्हणजे कंपनीची पेटी तुमच्या कोपऱ्यावर असेल तरच.

तुमची लाइन कशी आहे हे घरबसल्या कळतं. ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता टाका (बहुतेक १९२.१६८.१.१ असतो, मोडेमच्या खाली चिकटवलेला असतो, आकडे इंग्रजीत टाका), आत लाइनच्या पानावर ॲटेन्युएशन (सिग्नल वाटेत किती मेला) आणि एसएनआर मार्जिन (खरखरीपेक्षा सिग्नल किती वर उरलाय) असे दोन आकडे डेसिबलमध्ये दिसतात. ॲटेन्युएशन जितकं कमी तितकं चांगलं, २०-२५ असेल तर मजा करा, ६० च्या आसपास असेल तर जास्त पैशाचा प्लॅन घेऊन काहीही होणार नाही, पैसे वाया. मार्जिन उलटं, जास्त हवं, ६ च्या खाली आलं की लाइन तुटायला लागते.

पावसाळ्याचं बोलूया. जुन्या सांध्यात पाणी शिरलं की दोन तारांमध्ये गळती होते, मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकतो आणि नेट दर दहा मिनिटांनी जातं. अशा वेळी मोडेम रिसेट करत बसू नका. साधा फोन उचला, एक आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि ऐका. शांत असेल तर लाइन ठीक, खरखर असेल तर तक्रार "नेट स्लो" अशी न देता "फोनला खरखर" अशी द्या, म्हणजे लाइनमन थेट जोड तपासायला जातो, नाहीतर फोनवरच सांगतात मोडेम बंद करून चालू करा.

डीएसएलची अजून एक गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही, अपलोड. एडीएसएलमध्ये वर जाणारा रस्ता मुद्दामच अरुंद ठेवलेला असतो, साधारण १ एमबीपीएस. पिक्चर बघायला, बातम्या वाचायला फरक पडत नाही, पण मुलगी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, दिवसभर व्हिडिओ कॉल चालू आणि त्याच वेळी फोनमधले फोटो आपोआप वर चढतायत, मग तिचा चेहरा गोठणारच. डाउनलोडचा आकडा बघून समाधान मानू नका.

केबलचं नेट म्हणजे नक्की कुठलं?

इथं सगळा गोंधळ आहे, कारण "केबलवाल्याचं नेट" या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे खरी केबल. टीव्हीला येते तीच जाड गोल को-ॲक्सियल वायर, आरजी-६ म्हणतात ती, आणि तिच्या टोकाला केबल मोडेम. परदेशातले नातेवाईक "आमच्याकडे केबल इंटरनेट आहे" म्हणतात ते बहुतेक हेच, अमेरिकेत फार चालतं, आपल्याकडे मोठ्या शहरांत काही भागात. यातली पद्धत डॉक्सिस, पहिली आवृत्ती १९९७ ची, आणि २००६ च्या तिसऱ्या आवृत्तीत अनेक चॅनल (टीव्हीचे नाही, वायरीतले फ्रिक्वेन्सीचे पट्टे) एकत्र बांधायची सोय आली. एका चॅनलवर साधारण ४०-५० एमबीपीएस, आठ बांधले की ३०० ते ४०० होतात. लांबवरून येणाऱ्या तांब्याच्या फोन वायरीला हे जमत नाही, कारण को-ॲक्सियलला वरून जाळीचं कवच असतं आणि ती कितीतरी जास्त फ्रिक्वेन्सी वाहून नेते.

मग अडतं कुठं? ते ४०० तुमचे एकट्याचे नाहीत. एका नोडवर, म्हणजे गल्लीतल्या ज्या पेटीतून वायरी फुटतात तिच्यावर, जेवढी घरं त्या सगळ्यांचे मिळून. पंगतीत वाढपी एक आणि पानं दोनशे अशी गत, दुपारी तीनला गेलात तर आग्रह करकरून वाढतो, रात्री नऊला सगळे एकदम बसले की आमटी पोचेपर्यंत भात गार. डीएसएलमध्ये घरापासून एक्स्चेंजपर्यंतची जोडी फक्त तुमची असते, एक्स्चेंजच्या पुढं गर्दी तिथंही होऊ शकते पण शेवटची वायर तरी वाटून घ्यावी लागत नाही. केबलमध्ये वर जाणारा डेटा अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीवर असतो आणि गल्लीतल्या कुणाच्याही घरचा कनेक्टर सैल असला तरी तिथून शिरलेला नॉइज सगळ्या नोडला त्रास देतो, आपली काही चूक नसताना.

हे कनेक्शन असेल तर एक काम घरीच करा. वायर घरात शिरते तिथून टीव्हीसाठी किती ठिकाणी फोडलीय ते बघा. दोन तोंडाचा प्रत्येक स्प्लिटर साधारण ३.५ डेसिबल खातो, म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त ताकद गेली. मोडेम नेहमी पहिल्या फाट्यावर लावा, हॉल-बेडरूम-किचन फिरून आलेल्या चौथ्या फाट्यावर नको.

दुसरा प्रकार आपल्या गल्लीत जास्त दिसतो. केबलवाल्याने जवळपास फायबर आणलेली असते, बिल्डिंगच्या गच्चीवर किंवा जिन्याखाली एका डबीत नेट वाटणारा स्विच, आणि तिथून घराघरात साधी लॅन वायर. ऑफिसमधे कॉम्प्युटरला असते तीच, आठ तारांची. हे खरं तर चांगलं आहे, अपलोड आणि डाउनलोड बहुतेक सारखं मिळतं. पण लॅन वायरची हद्द १०० मीटर, त्यापुढं ओढली असेल तर कधी चालेल कधी नाही. घरात घालायची वायर बाहेर उन्हात लटकवली की वरचं प्लास्टिक तडकतं, पाणी आत जातं, म्हणून बाहेरची काळी जाड सालीची वायरच मागा, मीटरला थोडे पैसे जास्त पडतात ते द्या. आणि ३०० चा प्लॅन घेऊन स्पीड टेस्टमध्ये बरोबर ९०-९५ वर अडकत असेल तर कंपनीशी भांडायच्या आधी वायर तपासा, आठपैकी एखादी तार तुटली की जोडणी गपचूप १०० वर उतरते, किंवा तुमच्या राउटरचं पोर्टच १०० चं असतं.

याचा खरा वीक पॉइंट म्हणजे लाइट. तुमच्या घरी इन्व्हर्टर आहे पण गच्चीवरच्या स्विचला नाही, मग महावितरणची लाइट गेली की नेट गेलं. घ्यायच्या आधी केबलवाल्याला एवढा एकच प्रश्न विचारा, "डबीला बॅकअप आहे का आणि किती तास?" उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो त्यावरून कळतं सगळं.

तिसरं म्हणजे फायबर थेट घरात. हे मिळत असेल तर वरची चर्चा सोडून द्या आणि ते घ्या, एवढं सरळ आहे. काचेतून उजेड जातो, पाण्याने सांधा गंजत नाही, दहा-पंधरा किलोमीटरने स्पीड मरत नाही, आणि मधल्या फाट्याला वीजच लागत नाही, फक्त दोन टोकांना लागते. म्हणून घरच्या ओएनटीला (फायबर येऊन लागते ती डबी) आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की लाइट गेल्यावरही काम चालू राहतं. फायबरची नस मात्र एक, ती जोरात मुडपू नका, कपाटाच्या मागे दाबू नका, लाल एलओएस दिवा लागला की उजेड येत नाहीये असं समजायचं आणि ते तुम्ही घरी दुरुस्त करू शकत नाही. बीएसएनएलनेही बऱ्याच ठिकाणी तांबं सोडून फायबरवर नेणं सुरू केलंय, तुमची जुनी लँडलाइन असेल तर नंबर तोच राहील का हे विचारून घ्या, राहत असेल तर घाई करून नंबर घालवू नका, बँकेत आणि गॅसच्या पुस्तकावर तोच असतो लोकांचा.

मग घ्यायचं काय

फायबर येत नाही आणि एक्स्चेंज जवळ, घरात दोघंच आजी-आजोबा, फोन तर हवाच आहे, व्हिडिओ कॉल आठवड्यातून एकदा, तर डीएसएल पुरतं, उगीच कुणाचं ऐकून तोडू नका. साध्या लँडलाइनला करंट एक्स्चेंजच्या ४८ व्होल्ट बॅटरीचा असतो, लाइट गेली तरी वायरचा साधा फोन लागतो (कॉर्डलेस नाही, आणि मोडेमही नाही). रात्री-अपरात्री डॉक्टरला फोन करायचा म्हटलं तर ही छोटी गोष्ट नाही.

घरून काम, मुलांचे क्लास, दोन टीव्ही, तर केबलवाल्याची लॅन किंवा को-ॲक्सियल, पण घ्यायच्या आधी त्याच बिल्डिंगमधल्या कुणाकडे तरी रात्री साडेनऊला जाऊन स्पीड टेस्ट करा, लॅपटॉपला वायर लावून, वायफायवर नाही. वायफायवर केलेली टेस्ट म्हणजे भिंतींची टेस्ट. वाड्याच्या दोन-दोन फुटांच्या मातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जात नाही, तिथं कुठलंही कनेक्शन घ्या, स्लोच वाटणार.

सीसीटीव्ही मोबाईलवर बघायचा असेल तर अपलोड बघा, चार कॅमेरे एडीएसएलवर बघायचा नाद सोडा.

आणि एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठने भागा, मग डाउनलोडमध्ये दिसतो तो आकडा येतो. १०० च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा एमबीच दिसणार, त्यावरून कुणी फसवलं असं नाही. एचडी पिक्चरला ५ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे दोन माणसांच्या घराला ३०० विकायला आला कुणी तर चहा पाजून परत पाठवा. फसवाफसवी असते ती एफयूपीमध्ये, ठराविक जीबी संपले की स्पीड किती होतो ते लिहून घ्या. तसंच सांगितलेल्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरलाय की वरून लागणार, हेही.

वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की मोडेमचा प्लग तर काढाच, पण फोनची किंवा लॅनची वायरही काढा, कारण तांब्यातून झटका त्याच वाटेने येतो. प्लग काढला होता तरी मोडेम जळला म्हणून दुकानात येणारे मे-जूनमध्ये कमी नसतात.

कनेक्शन बदलायचं ठरलंच तर आधी नवीन चालू करा, आठ-दहा दिवस संध्याकाळचं वापरून बघा, मगच जुनं बंद करायचा अर्ज द्या. मोडेम कंपनीचा असेल तर परत केल्याची पावती घ्या आणि सांभाळून ठेवा, लँडलाइनचं डिपॉझिट परत मागताना ती लागते. दुकानात येताना शेवटचं बिल आणि मोडेमच्या लाइनच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो आणा. लाइन बघून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही, वायर ओढायचे घेतो.