डबलसीट सायकल आणि खानदेशची मुरमाड वाट

टँडेम म्हणजे एकाच लांब फ्रेमवर पुढे-मागे बसून दोघांनी पायडल मारायची सायकल. मागचा स्वार पुढच्याच्या आडोशाला असतो, त्यामुळे वारा जवळपास एकालाच कापावा लागतो आणि सपाट डांबरावर ती एकट्याच्या सायकलीपेक्षा जोरात पळते. पण चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याने यावल, रावेरकडे पाणंदीने आणि मुरमाच्या रस्त्यांनी निघालात, तर हा फायदा फारसा उरत नाही. तिथे महत्त्वाचं ठरतं ते वजन. स्वार दोन असले तरी चाकं दोनच आहेत.

७० आणि ६५ किलोचे दोघं, २० किलोची सायकल, पाणी-सामान १५ किलो, असे झाले १७०. त्यातले साधारण ९० किलो मागच्या चाकावर येतात. टायर जमिनीला किती टेकतो, हे ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब असं काढता येतं. ५० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा असेल तर ९० किलोला सुमारे २६ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, ३५ ला सुमारे ३७. जागा जास्त तेवढा टायर खडीवर कमी उडतो आणि पकड टिकते. मात्र हवा फार उतरवली की दगडावर आपटताना ट्यूब रिमखाली चेपते आणि तिला दोन समांतर चिरा पडतात. म्हणून टायर किमान ५० मिमी रुंद घ्यावा, ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला, बसवावा आणि मागच्यात पुढच्यापेक्षा तीन-चार पीएसआय हवा जास्त ठेवावी.

ट्यूबलेसचं खरं कारण मात्र बाभूळ. बांधावर कुंपणाला टाकलेल्या फांद्यांचे काटे वाटेवर येतातच. प्रत्येक टायरमध्ये ८० ते १०० मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, असावं. काटा उपटला की लगेच चाक फिरवून भोक तळाशी आणायचं. सीलंट तळाला साठलेलं असतं, भोक वर राहिलं तर नुसती हवाच जाते. तळाशी आलं की आधी फेस दिसतो, मग एक थेंब येतो आणि तिथेच गोठतो. आपल्याकडच्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, म्हणून प्रवासाआधी व्हॉल्व्ह काढून ते अजून पातळ आहे का हे बघा.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेला जाऊच नये. त्या मातीतल्या चिकणकणांच्या थरांत पाणी शिरतं, ती फुगते, टायरला थरावर थर चढतो आणि चाक फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या चिमट्यात) जाम होतं.

वाट कोरडी असली तरी बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या असतातच. एकट्याच्या सायकलीत दोन चाकांमधलं अंतर सुमारे एक मीटर असतं, टँडेममध्ये पावणेदोनच्या आसपास. पुढचं चाक चाकोरीबाहेर निघतं, मागचं आतच राहतं आणि सायकल आडवी होते. चाकोरी सोडायचीच असेल तर उथळ जागा बघून, वेग कमी करून, मोठ्या कोनात ओलांडावी. वळणावर मागचं चाक आतून कापतं, तेव्हा दगड हुकवताना पुढच्याने नेहमीपेक्षा रुंद वळण घ्यायला हवं.

मोर, सुकी अशा नद्यांनी डोंगरातून आणलेल्या दगडगोट्यांचा पट्टा पायथ्याशी पसरलाय. तिथले कोरडे नाले ओलांडताना मागच्याला पुढचं काही दिसत नाही. पुढच्याने तोंडाने सांगायचं आणि शब्द छोटे ठेवायचे: ‘खड्डा’, ‘सोड’, ‘थांब’. ‘खड्डा’ म्हटलं की मागच्याने दोन्ही पायडल आडवी ठेवून सीटवरून तीन-चार बोटं उठायचं. एवढ्यानेही मागचं चाक वाचतं. ‘सोड’ म्हणजे गियर बदलतोय, पायाचा जोर कमी कर. दोघांच्या जोराखाली गियर बदलला तर चेन तुटते. चढावर मात्र दोघांनी बसूनच मारावं, उठलं की मागचं चाक मुरमावर घसरतं.

उतार हा सगळ्यात धोक्याचा भाग. १७० किलो १०० मीटर खाली उतरताना सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल ऊर्जा सुटते. २० अंशांचं अर्धा लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला एवढी ऊर्जा पुरते. डांबरी घाटात वेगामुळे वाराच तिच्यातला बराच वाटा घेतो. मुरमावर ताशी १५ किमीने उतरताना वारा काही घेत नाही, जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकच्या चकत्यांत जाते. म्हणून चकत्या २०३ मिमीच्या लावाव्यात, पुढचा-मागचा ब्रेक आलटून पालटून वापरावा आणि लिव्हर हँडलला टेकायला लागली की थांबावं. तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

डाव्या बाजूला दोघांचे क्रँक (पायडलचे दांडे) जोडणारी वेगळी चेन असते. मधोमध बोटाने दाबल्यावर ती एक ते दीड सेंटिमीटर हलावी. दातेरी चक्र अगदी गोल नसतं, तेव्हा क्रँक चार जागी फिरवून बघावं. सैल असेल तर खडीवर पडते, ताठ असेल तर बेअरिंग खाते. धुळीत पातळ कोरडं वंगण वापरा. जाड ऑइलमध्ये मुरमाची धूळ मिसळली की चेन घासणारा लेप तयार होतो.

आणि तारा. चाक फिरताना जमिनीकडची तार प्रत्येक फेरीत थोडी सैल होते आणि पुन्हा ताणते. ५० मिमी टायरचं चाक १०० किलोमीटरमध्ये सुमारे ४४ हजार फेऱ्या मारतं. ओझं जास्त तितकी तार जास्त सैलावते, तार ताणणारं रिमजवळचं निप्पल फिरतं, चाक आऊट होतं आणि शेवटी तार हबजवळच्या वाकवलेल्या टोकाशी तुटते. म्हणून ३६ किंवा ४० तारांची चाकं घ्यावीत. मुक्कामाला पोचल्यावर मागच्या चाकाच्या तारा एकेक छेडत जा. एका बाजूच्या तारांचा आवाज जवळपास सारखा येतो, सैल तार बद्द वाजते. तिच्या निप्पलला अर्धा फेरा द्या. मागच्या चाकाच्या डाव्या-उजव्या तारांची लांबी सहसा वेगळी असते, म्हणून दोन्ही मापांच्या दोन-दोन तारा आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) काढायचं हत्यार सोबत ठेवा. उजवीकडची तार तुटली तर कॅसेट काढल्याशिवाय नवी घालता येत नाही.