एक एकर शेती (मराठवाडा)

कुटुंबाच्या जमिनीतला साधारण अर्धा ते एक एकर तुकडा घरातल्या बाईने स्वतःच्या निर्णयाने कसण्याची पद्धत. पिकेल ते आधी घरात, उरेल ते बाजारात, हा तिचा मुख्य नियम. 2012 नंतरच्या दुष्काळांत ही पद्धत लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत रुजली. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून पुढे आलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने बचत गटांच्या बायकांमार्फत ती पसरवली. संस्थेला 2016 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

मराठवाड्यात पूर्वी ज्वारीबरोबर तूर, मूग, उडीद, जवस, करडई अशी पिके असत. गेल्या काही दशकांत खरिपाचे बहुतेक रान सोयाबीनखाली गेले. पाऊसमानही बिघडले. ऐन वाढीत पावसाचा मोठा खंड पडतो आणि काढणीला अतिवृष्टी होते, तेव्हा उभ्या शेंगांना कोंब फुटतात. ज्वारीचे पीक पडले तरी थोडेफार दाणे आणि कडबा घरात येई. सोयाबीन गेले की किराण्याचे पैसेच जातात. मग पहिली काटछाट डाळ, भाजी आणि दुधात होते, आणि सर्वांत शेवटी जेवणारी बाई उरलेल्यावर भागवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019–21) राज्यातल्या 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. याला दुष्काळ हे एकच कारण नाही, पण तो त्यात भर घालतो.

आणखी एक नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. खुरपताना बायका पाथरी, घोळ, तांदुळजा, कुर्डू ओच्यात भरून आणत. मजुरी वाचवायला तणनाशक आले आणि ही फुकटची भाजी संपली.

एक एकरात ज्वारी, कडधान्ये, वेलभाज्या, पालेभाज्या मिसळून घेतात. पेरण्या पुढेमागे करतात, म्हणजे एक हुकली तरी दुसरी हाती लागते. शेणखत, जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रावण), घरचे बी आणि शक्य तिथे ठिबक वापरतात. खर्च कमी असल्याने नुकसान झाले तरी कर्ज चढत नाही. खरी अडचण शेतीच्या तंत्रात नसून तुकडा मिळवण्यात आहे. बहुतेकींना सासरा-नवऱ्याकडे मागणी घालावी लागते, आणि मिळतो तो बहुधा हलक्या मातीचा, विहिरीपासून लांबचा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या थोरल्या बाईचे नाव आणले. सातबाऱ्यावर मात्र ते क्वचितच असते, त्यामुळे पीककर्ज आणि नुकसानभरपाई पुरुषाच्या खात्यात जाते.

भूमिहीन बायकांना या पद्धतीचा फारसा उपयोग नाही. त्यांच्यासाठी परसबाग सुचवली जाते, पण बीड भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे नेमकी हिवाळाभर गावाबाहेर असतात, आणि उन्हाळ्यात ती परततात तेव्हा पिण्याचे पाणीही अनेकदा टँकरचे असते.