मेंदूतली कनेक्टिव्हिटी (बाळपण ते मोठेपण)

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कुठे, किती आणि किती पक्क्या जोडलेल्या आहेत, त्याला मेंदूची कनेक्टिव्हिटी म्हणतात. मोठ्या माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी न्यूरॉन (संदेश नेणाऱ्या पेशी) असतात आणि त्यातले बहुतेक जन्माआधीच तयार झालेले असतात, म्हणजे बाळ पाळण्यात येतं तेव्हा माल सगळा साइटवर आलेला असतो, वायरिंग बाकी असते. नवजात मेंदू साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा, मोठ्यांचा तेराशेच्या आसपास. मधलं वजन मुख्यतः पेशींच्या फांद्या, आधार देणाऱ्या पेशी आणि मायलिन (फांद्यांवरचं चरबीचं वेष्टन) यांचं.

दोन पेशी जिथे भेटतात तो सिनॅप्स. सुरुवातीला हे गरजेपेक्षा बरेच जास्त बनतात, बघण्याच्या भागात पहिल्या वर्षातच शिगेला पोचतात, कपाळामागच्या भागात उशिरा, आणि मग छाटणी सुरू होते ती विशीपर्यंत चालते. काटोल-नरखेडच्या संत्रावाल्यांना हे पटकन कळेल, ते झाडाची सल (वाळलेल्या फांद्या) काढतातच. इथे कात्री घेतलेला माणूस नाही, मायक्रोग्लिया नावाच्या पेशी कमी वापरातले सिनॅप्स गिळून टाकतात. त्यामुळे "जितक्या जोडण्या जास्त तितकं पोट्टं हुशार" हे काही खरं नाही.

कोणत्या जोडण्या टिकतील ते बरंचसं वापरावर. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला, तर नंतर उघडूनही मेंदू त्या डोळ्याकडे फारसं लक्ष देईना (१९८१ चं नोबेल त्यांना मिळालं). लहान मुलाचा डोळा आळशी असला की डॉक्टर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगतात आणि घरचे म्हणतात चांगलाच काहून झाकला, तर त्याचं कारण हेच, कमजोर डोळ्याला काम मिळावं, आणि ते लवकर मिळावं.

भाषेचंही तसंच. १९८४ मध्ये वर्कर आणि टीस या संशोधकांनी कॅनडात दाखवलं की इंग्रजी घरातली ६-८ महिन्यांची बाळं हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखतात, पण वर्षाची होईस्तोवर ती ओळख जवळजवळ जाते. हिंदी ऐकणाऱ्या बाळांची राहते. आपण "ताट" सहज म्हणतो, इंग्रज पाहुण्याला म्हणायला लावून बघा. याला सरळ सिनॅप्सची छाटणी म्हणणं जरा घाईचं होईल, कान-मेंदूची घडण बदलते एवढं नक्की.

दुसरं काम मायलिनचं. पेशींच्या लांब फांद्या म्हणजे तारा, आणि हे त्यांच्यावरचं प्लास्टिकसारखं चरबीचं वेष्टन, ते चढलं की संदेशाचा वेग सेकंदाला एखाद्या मीटरवरून शंभरपर्यंत जाऊ शकतो. बघणं, ऐकणं, हातपाय हलवणं यांच्या तारा आधी, कपाळामागच्या सगळ्यात शेवटी. मायलिनसाठी लोह आणि बी-१२ लागतं, म्हणून लहानपणीचा ॲनिमिया हलक्यात घ्यायचा नसतो.

एमआरआयमध्ये असं दिसलं की लहानपणी शेजारशेजारचे भाग जास्त जोडलेले असतात आणि वय वाढलं की दूरदूरचे. पण २०१२ च्या सुमारास लक्षात आलं की मशीनमध्ये पोट्टे डोकं हलवून राहिले होते आणि त्या हालचालीनेच हा फरक फुगून दिसत होता. मुद्दा पूर्ण खोटा ठरला नाही, पण आकडे जपून घ्यावे लागतात.

किशोरवयात बक्षीस आणि थराराचे भाग जोरात असतात, आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्यांची जोडणी अजून पक्की होत असते. नागपूरच्या फुटाळा तलावावर ट्रिपल सीट फिरणाऱ्यांचं थोडंफार स्पष्टीकरण यात आहे, सगळं नाही, मित्रांचाही हात असतो. "२५ व्या वर्षी मेंदू पूर्ण होतो" हे व्हॉट्सॲपवर फार फिरतं, पण अशी रेघ कुठे नाही. २०२५ च्या केंब्रिजच्या अभ्यासात जवळपास ४,००० लोकांच्या स्कॅनमध्ये जोडणीची वळणं ९, ३२, ६६ आणि ८३ व्या वर्षाच्या आसपास आली, तीही सरासरी. मोठेपणीही हे थांबत नाही: २००९ मध्ये ऑक्सफर्डला मोठ्या माणसांना ६ आठवडे चेंडू झेलण्याची कसरत शिकवली, तर त्यांच्या तारांच्या भागात बदल दिसला, आणि ज्यांना कसरत फारशी जमली नाही त्यांच्यातही दिसला.